नव्या माशाचे वेगळे बिऱ्हाड

बाजारातून नवी म्हैस आणली, की जाणता शेतकरी तिला त्याच संध्याकाळी जुन्या जनावरांच्या दावणीला बांधत नाही. चार दिवस तिला वेगळी बांधतो. तिचे खाणे पाहतो, शेण पाहतो, तोंडात आणि खुरांत काही दिसते का ते पाहतो. यात काही मोठे शास्त्र आहे असे त्याला वाटत नाही. बाप करीत होता, म्हणून तो करतो. २०२० सालच्या साथीत आपण सगळ्यांनी 'विलगीकरण' हा जडजंबाल शब्द तोंडपाठ केला, पण गोठ्यातली ही चाल त्याआधीचीच.

आज मला सांगायचे आहे ते माशांच्या विलगीकरणाविषयी. तेही आपल्या विहिरीतल्या किंवा तळ्यातल्या माशांच्या नव्हे, तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यातल्या, काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळलेल्या माशांच्या. आपण म्हणाल, हा शहरातल्या हौशी लोकांचा विषय, आम्हांला त्याचे काय? पण जरा ऐकून घ्या. एक तर किनाऱ्यालगतच्या शाळांतून खडकांच्या डबक्यांतले मासे काचेच्या टाकीत ठेवून मुलांना दाखवता येतात, आणि काही शिक्षकांना तशी हौस असते. दुसरे म्हणजे ज्या किड्याची हकीकत मी सांगणार आहे, तो शोभेच्या माशांवरच थांबत नाही; खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या जिताड्यालाही तो सोडत नाही. आणि तिसरे म्हणजे, त्याची चाल एकदा ध्यानात आली, की गोठ्यातल्या गोचिडीपासून पुष्कळ रोगांची चाल ध्यानात येते.

या रोगाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात. माशाच्या परांवर आणि अंगावर मिठाचे किंवा रव्याचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा दगडाला अंग घासतो, कोपऱ्यात दडून राहतो, खाणे टाकतो, आणि कल्ले भराभर हलवू लागतो. ठिपका मोठ्यात मोठा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जिवंत प्राणी. एकाच पेशीचा, पण भलताच खादाड. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. पहिल्या शब्दाचा अर्थ 'लपलेले केंद्रक' आणि दुसऱ्याचा 'चीड आणणारा'. नाव ठेवणाऱ्याने फार नेमके ठेवले आहे. हे नाव १९५१ साली ब्राऊन या अभ्यासकाने लंडनच्या मत्स्यालयातील माशांवरून दिले. योगायोग असा, की त्याच १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय लोकांसाठी उघडले. जपानमध्ये सिकामा यांनी हा रोग त्याच्याही आधी, १९३० नंतरच्या दशकात, पाहून ठेवला होता.

आता या प्राण्याचा जन्मक्रम पाहू. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण उपचारात जे जे चुकते ते सगळे येथेच चुकते.

गोचीड गाईच्या अंगावर बसते, रक्त पिऊन टम्म फुगते आणि मग टपकन खाली पडते. पडली म्हणजे मेली काय? नाही. ती गोठ्याच्या भेगांत शिरते, हजारो अंडी घालते, आणि काही दिवसांनी त्यांतून निघालेली बारीक पिले पुन्हा जनावराच्या अंगावर चढतात. ज्याने नुसती गाय धुतली आणि गोठा तसाच ठेवला, त्याची गाय महिन्याभरात पुन्हा गोचिडींनी भरते. आमच्या पांढऱ्या ठिपक्याचे अगदी तसेच आहे. माशाच्या अंगावर तो तीन ते सात दिवस राहतो, पण कातडीवर नव्हे, कातडीच्या वरच्या थराखाली. तिथे माशाच्या पेशी खाऊन तो वाढतो. पुरता वाढला, की बाहेर पडून तळाशी जातो, काही तास इकडेतिकडे सरपटतो, आणि मग वाळूच्या कणाला, दगडाला, काचेला चिकटून आपल्याभोवती टणक कोष विणतो. कोषाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत दोनशे-तीनशे पिले तयार होतात. कोष फुटला, की ती पिले पाण्यात पोहत सुटतात आणि मासा शोधतात. त्यांचे आयुष्य दीडदोन दिवसांचे, आणि त्यातही खरा जोम पहिल्या सहा-आठ तासांतला. तेवढ्यात मासा भेटला तर ठीक, नाहीतर उपाशी मरायचे.

यात एक गंमत आहे. गंमत म्हणजे निसर्गाची हुशारी, माशाच्या दृष्टीने नव्हे! ठिपके माशाचे अंग सोडतात ते बहुतेक अंधारात, आणि कोष फुटतात तेही बहुतेक रात्री व पहाटेच्या वेळी. त्या वेळी मासे तळाजवळ, दगडांच्या आडोशाला स्वस्थ पडलेले असतात. भुकेल्या पिलांना दूर जावे लागत नाही. अफाट समुद्रात हा प्राणी इतकी वर्षे टिकून राहिला, त्यामागे अशा युक्त्या आहेत. आणि समुद्रात जो दहा माशांमागे एखादे पिलू गाठी पाडून घेतो, तोच आपल्या दोनशे लिटरच्या टाकीत शेकडोंनी मासे गाठतो, कारण तिथे माशाला पळायला जागाच नाही.

आता लक्षात येईल, की औषध कोणाला लागू पडणार. ठिपका कातडीखाली आहे, तोवर पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो कोषात गेला, की कोषाची भिंत औषधाला आत येऊ देत नाही. उरली पोहणारी पिले. तेवढ्याच काही तासांत ती मारता येतात. म्हणजे औषध आज टाकले आणि उद्या काढले, असे करून भागत नाही. माशावरचा शेवटचा ठिपका गळून, त्याचा कोष फुटून, त्यातली पिले बाहेर येईपर्यंत औषध पाण्यात पुरत्या मात्रेने असले पाहिजे.

आणि नेमकी इथेच फसगत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी माशावरचे ठिपके एकाएकी नाहीसे होतात. ते औषधाने गेले असे वाटते. माणूस खूष होतो, औषध थांबवतो, पाणी बदलतो आणि शेजाऱ्याला आपला गुण सांगत फिरतो. वास्तविक ठिपके आपल्या क्रमाने खाली उतरलेले असतात. औषध टाकले नसते तरी उतरलेच असते. आठ-दहा दिवसांनी ते तिप्पट-चौपट होऊन परत येतात. 'चिवट रोग आहे हो, औषधालाही दाद देत नाही' असे मग म्हटले जाते. किडा चिवट आहे हे खरे. पण पुष्कळदा त्याच्या चिवटपणापेक्षा आपला उतावीळपणा जास्त असतो.

लसूण, हळद, मिरी, आले यांचे काढे टाकीत घालण्याचे सल्लेही ऐकू येतात. लसणाच्या वासाने मासा चार घास जास्त खातो, असे सांगणारे आहेत. खाऊ द्यावे. त्याने हा रोग टाकीतून जातो, असे मात्र कोणी पडताळून दाखवलेले नाही. गोड्या पाण्यात मासा चार-पाच मिनिटे बुडवून काढावा, हा दुसरा सल्ला. कातडीला वरून चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर तो चालतो. ते कृमी पांढरे पडून गळताना डोळ्यांना दिसतात. कातडीखाली दडलेल्या आपल्या ठिपक्यावर तो चालत नाही. रोग ओळखल्यावाचून इलाज करू नये म्हणतात ते यासाठी.

मग खात्रीचे इलाज कोणते? मुख्य तीन आहेत. त्यांतला पहिला आपल्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचा आहे: तांबे, म्हणजे मोरचूद. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील डेम्प्स्टर यांनी १९५५ साली माशांच्या अशाच एका परजीवी रोगावर मोरचुदाचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगभर मत्स्यालयांतून तो चालत आला आहे. पण मात्रा पाहा. एक लिटर पाण्यात तांबे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. याहून कमी झाले तर किडे जगतात, फार जास्त झाले तर मासा मरतो. मोरचुदाच्या वजनाचा जेमतेम चौथा हिस्सा तांबे असते. तेव्हा हिशेब करा: १०० लिटरच्या टाकीला तांबे हवे २० मिलिग्रॅम, म्हणजे मोरचूद सुमारे ८० मिलिग्रॅम. चिमटीभरही नव्हे! ही मात्रा एकदम न देता दोन-तीन दिवसांत चढवत न्यायची आणि पुढे निदान तीन आठवडे तशीच राखायची. बागेवर फवारायच्या गोणीतला मोरचूद यासाठी घेऊ नये. तो शुद्धच असेल असे नाही. बाजारात माशांसाठी तांब्याची तयार औषधे मिळतात, त्यांतली काही निराळ्या घडणीची असतात आणि त्यांची मात्राही निराळी असते. ती वेष्टणावर पाहूनच ठरवावी.

बोर्डो मिश्रण करताना आपण मोरचुदात चुना का घालतो? मोरचुदाचा जहालपणा चुन्याने बांधला जावा म्हणून. हीच गोष्ट टाकीत नकळत घडते. शंख, शिंपले, प्रवाळाचे दगड, किनाऱ्यावरची शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू, हे सगळे चुन्याचेच प्रकार. ते पाण्यातले तांबे ओढून घेतात. सकाळी मोजून टाकलेली मात्रा संध्याकाळपर्यंत अर्धीसुद्धा राहत नाही. म्हणून विलगीकरणाची टाकी उघडीबोडकी ठेवायची, वाळू नाही, दगड नाही. माशाला दडायला प्लास्टिकच्या नळाचे दोन-चार तुकडे टाकले, की पुष्कळ झाले. आणि तांबे दिवसातून दोनदा तपासायचे. तपासणीचे संच मिळतात. रंगावरून मात्रा कळते. ज्याला हे तपासणे जमणार नाही, त्याने तांब्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेकडे, शेवंडे, कोळंबी, प्रवाळ यांना तांबे विषच आहे. वागळी आणि मुशी यांनाही सोसत नाही.

दुसरा इलाज पाण्याचा खारेपणा उतरवण्याचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेच हळूहळू, दोन-चार दिवसांत, १५-१६ ग्रॅमपर्यंत उतरवले, तर हाडांचा मासा ते निभावून नेतो. किड्याच्या कोषाची मात्र वाढ खुंटते आणि पिले निघत नाहीत. १९७९ साली चंग, नायग्रेली आणि रुग्गिएरी यांनी खारेपणाचा आणि उष्णतेचा या किड्यावर काय परिणाम होतो ते तपासून प्रसिद्ध केले. या खारेपणात मासा तीन-चार आठवडे ठेवावा लागतो, आणि मग उतरवला त्याहूनही सावकाश खारेपणा वाढवत न्यावा लागतो. औषधाचा खर्च नाही, ही यातली सोय. पण मोजमाप इथेही काटेकोर हवे. खारेपणा १६ चा १८-२० झाला, की मेहनत वाया. पाणी उडून गेल्याने तो आपोआप वाढतो, हे लक्षात ठेवून रोज गोडे पाणी भरावे लागते. आणि तैवानमधील माशांवर या किड्याचे असेही वाण सापडले आहेत, की जे याहून पुष्कळ गोडसर पाण्यात मजेत जगतात. तिथे हा इलाज लंगडा पडतो.

इथे जिताड्याचे नाव पुन्हा घेतो. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि गोड्या पाण्यातही सुखाने राहतो. म्हणून पांढऱ्या ठिपक्याचा त्रास खाऱ्या पाण्यातल्या जिताड्याला झाला, तरी गोड्या तळ्यात तो किडा टिकत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांना पांढरे ठिपके येतात ते निराळ्याच किड्याने. दिसायला सारखा, पण नातेवाईक नव्हे. एकाचे औषध दुसऱ्याला बिनदिक्कत देऊ नये.

तिसरा इलाज मला सर्वांत आवडतो. त्यात औषध नाही, रसायन नाही, फक्त मोजदाद आहे. इस्राएलमधील इलात येथे समुद्री माशांच्या शेतीवर काम करणारे कोलोर्नी यांनी १९८७ साली या किड्याला आवरण्याच्या ज्या युक्त्या मांडल्या, त्यांत तो आला. त्याचे मर्म असे: कोषातून पिले निघायला कमीत कमी तीन दिवस लागतात. मग तिसऱ्या दिवशी मासाच तिथून उचलला तर? त्याच्या अंगावरून गळलेले ठिपके कोषांसकट जुन्या भांड्यात राहतील, आणि पिले निघतील तेव्हा घरात कोणीच नसेल. मासा नव्या, कोरड्या, स्वच्छ भांड्यात, नव्या पाण्यात. आणखी तीन दिवसांनी पुन्हा उचलायचा. असे चार वेळा केले, की बारा दिवस होतात. ठिपका माशाच्या अंगावर जास्तीत जास्त सात दिवस राहतो. म्हणजे या मुदतीत शेवटचा ठिपकाही गळून मागे पडलेला असतो, आणि नवा चढायला वाव मिळालेला नसतो.

यासाठी सारख्या मापाची दोन प्लास्टिकची टपे पुरतात. एक वापरात, दुसरे धुऊन उन्हात वाळत. खडखडीत वाळले, की कोष मरतात. हवेचा छोटा पंप, त्याची नळी आणि हातजाळीसुद्धा दोन-दोन ठेवा; एकातली दुसऱ्यात नेऊ नका. जाळीच्या ओल्या धाग्यातून एक कोष गेला, तरी बारा दिवसांचे श्रम फुकट. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट आणि तितकेच खारे असावे. मासा उचलताना बरोबर पाणी कमीत कमी जावे. आणि भिंतीवर दिनदर्शिका टांगून तारखेवर खुणा कराव्यात. शाळेत हे काम मुलांकडे द्यावे. परजीवीचा जन्मक्रम फळ्यावर काढून शिकवण्यापेक्षा 'आज तिसरा दिवस, आज मासा हलवायचा, का?' एवढे विचारावे. जे मूल याचे उत्तर देईल, त्याला गोचीडही कळली आणि हिवतापाचा डासही कळला.

मात्र हा इलाज फक्त पांढऱ्या ठिपक्याचा आहे, हे विसरू नका. याच्याहून जहाल असा दुसरा एक रोग आहे. त्याला मखमली रोग म्हणतात. अंगावर ठिपके न दिसता पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसते, आणि पुष्कळदा तीही दिसण्याआधी मासा दोन-चार दिवसांत जातो. तो किडा कमी खारेपणाला भीक घालत नाही. तिथे तांबेच वापरावे लागते, किंवा आपल्या हिवतापाच्या ओळखीचे क्लोरोक्विन, आणि तेही माशांच्या जाणकार पशुवैद्यकाला विचारून. वर ज्या चपट्या कृमींचा उल्लेख केला, त्यांची अंडी औषधाला दाद देत नाहीत. म्हणून त्यांचे औषध एकदा देऊन भागत नाही, अंडी फुटण्याच्या बेताने काही दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. तिन्ही रोग निराळे, पण प्रत्येकात एक अवस्था अशी, की जिथे औषध पोचत नाही. वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

मासा दिसायला धडधाकट आहे, मग त्याला कशाला वेगळे ठेवायचे, असे एखादा विचारील. एकदा या रोगातून उठलेल्या माशाच्या अंगात काही महिने प्रतिकारशक्ती राहते. अशा माशाच्या कल्ल्यांत एखाददुसरा किडा नांदत असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. असा मासा आपण थेट टाकीत सोडला, की तो स्वतः ठीक राहतो आणि बाकीचे झोपतात. म्हणून दिसण्यावर जाऊ नये. नवा मासा, कोणाकडूनही आणलेला असो, चार ते सहा आठवडे वेगळा. या मुदतीत त्याला पोटभर खाऊ घालावे आणि पाणी वारंवार बदलावे. नव्या टाकीत माशाच्या मलमूत्राचा अमोनिया साचतो, आणि रोगाने नव्हे तर त्यानेच मासा मेला, असेही होते.

मोठ्या टाकीत रोग आधीच शिरला असेल तर? मग सगळेच्या सगळे मासे बाहेर काढून उपचाराला ठेवायचे आणि टाकी माशांवाचून रिकामी ठेवायची. प्रवाळ, खेकडे राहू द्यावेत. हा किडा त्यांच्यावर जगत नाही. किती दिवस रिकामी ठेवायची? कोष सगळे एकाच दिवशी फुटत नाहीत. एकाच वेळी तयार झालेल्या कोषांतले पुष्कळसे पहिल्या पंधरवड्यात फुटतात, पण थोडे मागे रेंगाळतात. ७२ व्या दिवशी फुटल्याचीही नोंद आहे. सहा आठवडे ही अगदी कमीत कमी मुदत झाली. निर्धास्त व्हायचे असेल तर अकरा आठवडे. अकरा आठवडे मासा नसलेली टाकी पाहत बसायचे म्हणजे माणसाची परीक्षाच, बरं का! पण हेही ध्यानात घ्या, की शोभेचे बहुतेक समुद्री मासे अजूनही प्रवाळाच्या खडकांतून, कुठल्या तरी दूरच्या बेटावर, जाळ्याने धरून आणलेले असतात. शेकडो कोस पिशवीत बसून जो मासा जिवंत आपल्या दारी आला, तो दहाव्या दिवशी आपल्या घाईपायी जावा, हे काही बरे नव्हे. त्याच्या जागी दुसरा आणायचा, म्हणजे खडकावरून दुसरा काढायचा.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. तांबे घातलेले पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये, आणि खाडीत तर नाहीच नाही. तिथल्या कोळंबीच्या पिलांना ते बाधेल. माणसांच्या आणि जनावरांच्या वापरातल्या पाण्यापासून दूर, पडीक जागी खड्डा करून त्यात मुरवावे. आणि मुदत संपल्यावर मासा मुख्य टाकीत नेताना फक्त मासा न्यायचा, त्याच्याबरोबरचे पाणी नाही. विलगीकरणाचे भांडे, नळाचे तुकडे, जाळी, सगळे धुऊन दोन दिवस कडक उन्हात पालथे घालावे. पावसाळ्याचे दिवस असतील, तर चुलीजवळच्या फळीवर ठेवून वाळवावे, पण पुरते वाळल्याशिवाय पुढच्या माशासाठी काढू नये.